सावली की गालिचा?

घरापुढे चार हात मोकळी जागा असली, की आपल्यापैकी प्रत्येकीच्या डोक्यात एक बाग तयारच असते. जागा थोडी आणि हौस दांडगी! मग प्रश्न पडतो, लावायचं काय? डोक्यावर सावली धरणारं एखादं झाड, की बारा महिने हिरवीगार राहून जमीन झाकून टाकणारी वेल? आमच्या शेजारी नव्यानं राहायला आलेल्या वहिनींनी परवा मला हेच विचारलं. उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण ते मला एका उन्हाळ्यानं शिकवलं, आणि त्या उन्हाळ्याची गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आज तुम्हांला सांगते.

२०१४ साली लग्न होऊन मी लातूरला आले. घर साधंच, पश्चिमेला तोंड केलेलं. पुढे साधारण वीस फूट बाय पंचवीस फुटांचं अंगण. त्यात एक तुळस, सदाफुली आणि बाकी सगळा फुफाटा. वाऱ्याची झुळूक आली की माती थेट स्वयंपाकघरात! माझ्या माहेरी अंगण नव्हतं, त्यामुळे हे रिकामं अंगण पाहून मला काय करू नि काय नको असं झालं. नर्सरीवाल्यानं वेडेलिया सुचवली. जाड, तकतकीत हिरवी पानं, वर पिवळी फुलं. "वैनी, एका पावसात गालिचा होतो बघा," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. वीतभर लांबीची काडी वीत-दीड वीत अंतरावर खोचायची, की जिथं पेर जमिनीला टेकेल तिथं मूळ धरते. दिवाळीपर्यंत अर्धं अंगण हिरवं झालं. धूळ थांबली. येणारीजाणारी विचारू लागली, "कुठून आणली हो?" मला तर आकाश ठेंगणं झालं!

त्याच पावसाळ्यात अंगणाच्या टोकाला, कुंपणाजवळ, बोटभर उंचीचं कडुनिंबाचं रोप आपोआप उगवलं. पाखरांनी टाकलेल्या निंबोळीचं असणार. मी ते उपटायला वाकले, तर सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "राहू दे की गं. तुला काय खायला मागतंय का ते?"

"आई, वाढलं की पाला पडेल. गालिच्यावर कचरा होईल."

"झाडाचा पाला झाडाखालीच पडणार. तुझी ती वेडी वेल राहू दे तुझ्यापाशी, हे राहू दे माझ्यापाशी."

वेडेलियाचं 'वेडी वेल' हे बारसं त्यांनीच केलेलं. मी गप्प बसले, पण मनातून रागच आला होता. आमचे हे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात!

पुढच्या वर्षी पावसानं ओढ दिली. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावं लागलं. आमच्या गल्लीतली बोअर एकामागून एक आटली. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही. आला की घरातली पातेली, कळशा, अगदी पिठाचे रिकामे डबेसुद्धा भरून ठेवायचे. त्या वर्षीचा पाडवा ८ एप्रिलला होता. सासूबाईंनी त्या खांद्याएवढ्या झाडाची चार कोवळी पानं खुडली, गूळ, जिरं, हिंग, ओवा, चिंच घालून वाटली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली. चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पाणी रेल्वेनं येतं हे तोवर मी ऐकलंही नव्हतं.

मी तेव्हा एका प्राथमिक शाळेत अर्धवेळ शिकवू लागले होते. चौथीच्या मुलांना परिसर अभ्यासाच्या तासाला पाण्याची बचत शिकवत होते. फळ्यावर सुंदर अक्षरांत लिहिलंही होतं, आणि घरी काय करत होते? भाज्या धुतलेलं पाणी, कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी, सगळं माझ्या गालिच्याला. तेही पुरेना. नेहमी हिरवी म्हणून आणलेली वेल कडेकडेनं तपकिरी पडू लागली. निदान पायऱ्यांजवळचा पट्टा तरी जगावा, म्हणून मी संध्याकाळी साठवणीतल्या चांगल्या पाण्याच्या एक-दोन बादल्या गुपचूप ओतू लागले. सासूबाई देवळात गेलेल्या असत.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी येत. त्या दिवसांत भांडी राखेनं घासून नुसती पुसून घेत होतो. एके सकाळी त्या जाताना दारात घुटमळल्या. "वैनी, येक घागर पानी भेटंल का? वस्तीवर टँकर आला न्हाई तीन दिस झाले."

मी म्हटलं, "मावशी, आज नाही हो. आमच्याकडेच नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी मी बादली घेऊन पायऱ्यांवर उभी. अर्धी बादली ओतून झाली होती, तोच फाटक वाजलं. सकाळी विसरलेली पिशवी न्यायला मावशी आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ओल्या वेलीकडं पाहिलं. मातीचा वास सुटला होता. मी काहीतरी पुटपुटले, काय ते आता आठवत नाही. त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि फाटक हळूच लावून निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी घागर भरून दारात ठेवली. त्यांनी नेली. पुढेही टँकर आला की एक घागर त्यांची, असं मी ठरवून टाकलं. पण त्या संध्याकाळबद्दल मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. २०१७ साली त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. माफी मागायची राहूनच गेली.

वेलीला पाणी देणं मी त्याच दिवशी थांबवलं. पंधरा दिवसांत गालिच्याची काटकं झाली. कोपऱ्यातल्या कडुनिंबाला मात्र हात धुतलेल्या पाण्याखेरीज कुणी काही दिलं नव्हतं, तरी वैशाखात ते नव्या पानांनी भरलेलं होतं. आपोआप उगवलेल्या झाडाचं सोटमूळ न दुखावता सरळ खोल जातं, त्याचा हा फायदा. सासूबाईंनी मला एकदाही टोचून बोलून दाखवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. सुनेला बोलायची अशी संधी कोण सोडतं?

त्याच वर्षी पावसाळा चांगला झाला, आणि गंमत बघा, मेलेल्या वाटणाऱ्या वेडेलियालाही कुठून कुठून कोंब फुटले! ती उपटून टाकावी असं वाटलं, पण मन झालं नाही. पायरीलगत दोन हात रुंद पट्टा ठेवला, कडेनं शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरले. तेवढ्यापुरती ती गुणी आहे. माती धरून ठेवते, धूळ उडू देत नाही, तण माजू देत नाही.

आता कामाचं सांगते. तुमच्याकडे पाण्याची ददात नसेल, जागा अगदी चिंचोळी असेल, किंवा उतारावरची माती वाहून जात असेल, तर जमीन झाकणारी वेल जरूर लावा. एका पावसात डोळे निवतात. पण तिला आवर घालावा लागतो. पावसाळ्यात तिच्याखाली गोगलगाई होतात, आणि दाट वेलीत काय दडलंय ते दिसत नाही, म्हणून लहान मुलं खेळतात तिथं ती नको. छाटलेल्या काड्या ओढ्यात किंवा मोकळ्या माळावर तर मुळीच टाकू नका. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जिवांच्या यादीत वेडेलियाचं नाव आहे, ते उगीच नाही. पडेल तिथं ती मूळ धरते आणि तिथल्या गवताला जगू देत नाही.

झाड लावायचं तर घराच्या पश्चिमेला लावा. दुपारनंतरची सावली पूर्वेकडे सरकते, ती बरोबर भिंतीवर येते. भिंतीपासून आणि पाण्याच्या हौदापासून पंधरा फूट तरी लांब असू द्या. रोप पावसाच्या सुरुवातीला लावा, पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला थोडं पाणी द्या. कडुनिंब, करंज आपल्या कोरड्या हवेला चांगले. बकुळ बारा महिने हिरवी राहते, पण वाढते फार सावकाश. गुलमोहर दिसायला देखणा, पण वादळात त्याच्या फांद्या मोडतात, म्हणून घराला खेटून नको. आणि हो, फाल्गुनात कडुनिंबाचा पाला पडतो तो पडतोच. पंधरा-वीस दिवस रोज झाडायचं. मी तो खड्ड्यात टाकून खत करते. हिरवा पाला सावलीत वाळवून गव्हाच्या कोठीत घालते.

आमचं झाड आता गच्चीच्या वर गेलंय. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी चारनंतर ओट्यावर सावली येते. सासूबाई तिथं गहू निवडत बसतात. चैत्रात फुलांचा बारीक सडा पडतो, सुपातही पडतो. त्या तो फुंकरून बाजूला करतात. भाजीवाली येते, टोपली उतरवून घटकाभर टेकते, तांब्याभर पाणी मागते. ते देताना मला अजूनही त्या संध्याकाळचा ओल्या मातीचा वास येतो.

शेजारच्या वहिनींना मी दोन्ही दिलं. कुंडीत वेडेलियाच्या चार काड्या आणि पिशवीत एक कडुनिंबाचं रोप. म्हटलं, झाड आधी लावा, वेल मागाहून. आणि उन्हाळ्यात पाणी दोघांना पुरणार नाही असं वाटलं, तर आधी दारात कुणी घागर घेऊन उभं आहे का, ते बघा.