गाईच्या बदली दक्षिणा

मागच्या वर्षी माझ्या नेवार्क-मुंबई अशा तीन फेऱ्या झाल्या. दोन बाबांच्या आजारपणात आणि तिसरी ते गेल्यानंतरच्या दिवसांसाठी. तिकीट काढताना दर वेळी शेवटच्या पानावर एक छोटासा चौकोन यायचा, ‘आपल्या प्रवासाचा कार्बन भरून काढा’. पहिल्या दोन वेळा मी त्यावर टिचकी मारली. वीस-बावीस डॉलर, तिकिटाच्या मानाने काहीच नाही. तिसऱ्या वेळी चौकोन दिसला की नाही तेही आठवत नाही.

दिवसांच्या विधींत गुरुजींनी गोप्रदान सांगितलं. गाय अर्थातच नव्हती, तिच्या बदली दक्षिणा. ताईची मुलगी माझ्या कानाशी लागली, "मावशी, पण मग गाय कुणाला मिळाली?" त्या दहा-बारा दिवसांत मी पहिल्यांदा हसले. परतीच्या विमानात मात्र तोच प्रश्न डोक्यात बसला. माझ्या त्या चाळीस डॉलरांची गाय कुणाला मिळाली?

घरी आल्यावर जुन्या पावत्या उघडल्या. त्यावर लिहिलं होतं, ‘भारतातील पवनऊर्जा’. आधी तर फार बरं वाटलं. मी साताऱ्याची. ठोसेघरचा धबधबा दाखवून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला नेणं हा आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाच्या पाहुणचाराचा भाग होता. बाबा त्या चक्क्यांची माहिती अशी सांगायचे, की जणू यांनीच उभ्या केल्यात!

पण मग वाचायला लागले आणि तिथेच गोची झाली.

ऑफसेट म्हणजे काय? मी हवेत एक टन सोडला, दुसऱ्या कुणीतरी माझ्या पैशामुळे एक टन सोडायचा टाळला, फिट्टंफाट. सगळा भार ‘माझ्या पैशामुळे’ या दोन शब्दांवर. पवनचक्की माझ्या वीस डॉलरांशिवायही उभी राहणार असेल, तर मी फक्त मालकाला चहापाणी दिलं. क्योटो करारातल्या योजनेखाली भारतातल्या पवनचक्क्यांना जी क्रेडिट्स मिळाली, त्यांचा काही अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, तो २०२१ मध्ये बाहेर आला. त्यांच्या हिशेबाने निदान ५२ टक्के क्रेडिट्स अशा प्रकल्पांना गेली, जे बहुधा तसेही झालेच असते. पटण्यासारखं आहे. पवनचक्की लावणाऱ्याला घसाऱ्याची भलीमोठी करसवलत होतीच की. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये आयसीव्हीसीएम या देखरेख करणाऱ्या स्वतंत्र संस्थेने नवीकरणीय विजेच्या आठ प्रचलित पद्धतींना आपला शिक्का नाकारला, मुख्यतः याच मुद्द्यावर. चाळकेवाडीच्या चक्क्या वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये हं. त्या छानच आहेत. फक्त त्यांनी माझं विमान भरून काढलं नाही.

मग म्हटलं झाडं लावू. तर कोल्डप्लेची गोष्ट सापडली. २००२ च्या अल्बमसाठी त्यांनी कर्नाटकात दहा हजार आंब्यांच्या लागवडीला पैसे दिले होते. २००६ मध्ये बातमी आली की त्यातली बरीच रोपं पाण्यावाचून वाळून गेली. आमच्या माण तालुक्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने आधीच सांगितलं असतं, रोप फुकट मिळतं हो, टँकर मिळत नाही. आणि झाड जगलं तरी ते उभं राहायला हवं. २०२१ मध्ये ओरेगनमधल्या बूटलेग वणव्यात ऑफसेट म्हणून विकलेलं जंगलही जळलं. विमानाचा धूर शेकडो वर्षं राहणार आणि भरपाई एका उन्हाळ्यात राख.

चुलींबद्दल वाचताना जास्त वाईट वाटलं. सुधारित चुलीने बाईच्या डोळ्यातला धूर कमी होतो. माझी आजी जन्मभर फुंकणी घेऊन बसली, मला ते कुणी समजावून सांगायला नको. पण जानेवारी २०२४ मध्ये नेचर सस्टेनेबिलिटीत आलेल्या अभ्यासात, तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या ९.२ पट क्रेडिट्स घेतल्याचं निघालं. म्हणजे चुलीला पैसे द्यावेत, जरूर द्यावेत, पण देणगी म्हणून. वहीत ‘टन’ या रकान्यात लिहू नयेत.

मग उरलं काय? फार थोडं, आणि जे उरलं ते अगदीच रटाळ. जुन्या फ्रीज-एसीतला सीएफसी वायू नष्ट करणं. तो बनवायला मॉन्ट्रियल करारामुळे बंदी आहे, पण आधी बनलेला साठा नष्ट करायची सक्ती करार करत नाही. त्यामुळे पैसे मिळाले नाहीत तर सिलिंडर गंजत पडतात आणि हळूहळू गळतात. किती किलो जाळला ते वजनकाट्यावर कळतं आणि जळलेला वायू परत येत नाही. यातही जुना साठाच हवा. एचएफसी-२३ नावाचा वायू जाळायचे पैसे मिळतात म्हटल्यावर तो मुद्दाम जास्त निर्माण करणारे कारखाने निघाले होते. शेवटी युरोपने २०१३ पासून ती क्रेडिट्स घेणं बंद केलं. हवेतला कार्बन ओढून आइसलँडच्या खडकात पुरायचीही सोय आहे, पण टनाचा भाव शेकडो डॉलर, कधी हजारच्याही वर.

आणि टन तरी किती? जाऊन-येऊन एका फेरीला एक कॅल्क्युलेटर एक टन सांगतो, दुसरा चार. उंचावर विमानामागे राहणाऱ्या ढगांचा परिणाम कुणी धरतं, कुणी नाही. मी चार धरले. तीन फेऱ्यांचे बारा.

चौकोनवाल्या मध्यस्थाला मी पत्र लिहून अनुक्रमांक मागितले. प्रत्येक क्रेडिटला क्रमांक असतो, आणि ते वापरलं की नोंदवहीत रद्द व्हावं लागतं, नाहीतर तेच पुन्हा विकता येतं. तीन आठवड्यांनी ‘आपल्या योगदानाबद्दल आभार’ असं उत्तर आलं. यावेळी मी जिथून सीएफसीचे बारा टन घेतले, तिथे क्रमांक आधी तपासले, मग पैसे भरले. हिशेब मिटला का? माहीत नाही. बाबांना बघायला मी चौथ्यांदाही गेले असते, आणि त्याचं काही भरून काढता येतं असं मला वाटत नाही.

जाता जाता, ताई, तू हे वाचतेसच. जिन्याखालचा बाबांचा १९८९ चा फ्रीज भंगारवाल्याला देऊ नकोस. तो नळी कापतो आणि फुस्स करून सगळा वायू सोडून देतो. आत दीडशे ग्रॅम जरी सीएफसी असला तरी तो दीड टन कार्बनच्या बरोबरीचा आहे. आणि असणारच, कारण एकदाही गॅस भरावा लागला नाही हे बाबा येईल त्याला ऐकवायचे. तो वायू नीट काढून घेणारं कुणी पुण्यात मिळतं का ते मी बघतेय. तोवर आईला म्हणावं, लोणची ठेव त्यात.