शेकोटीचा ताळेबंद

चौतीस वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काढलेल्या माणसाला कोणतीही वस्तू आधी आकड्यांत दिसते. हा गुण की दोष, याचा निकाल माझ्या कुटुंबीयांनी केव्हाच लावून टाकला आहे. गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधील लेस्टर येथे, मुलाच्या घरी विजेची शेकोटी घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या निकालावर पुन्हा एकदा शिक्कामोर्तब झाले.

लेस्टर हे शहर आपल्या समाजाला नवे नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, पूर्वीच्या चर्चच्या वास्तूत साकारलेले तेथील जैन मंदिर काही वाचकांनी पाहिलेही असेल. मुलाचे घर शंभर वर्षांहून जुने, ओळीने भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांपैकी एक. अशा घरांतील खोल्यांमध्ये कोळसा जाळण्यासाठी भिंतीत कोनाडा आणि त्यावर धुराडे असे. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके साचले, हजारो माणसे दगावली आणि 1956 मध्ये तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुढे घरोघरी गॅसवर पाणी तापवून खोल्या उबदार ठेवण्याची सोय आली आणि ते कोनाडे ओस पडले. मुलाच्या दिवाणखान्यातही तसाच एक काळवंडलेला कोनाडा होता.

त्यात लाकडे जाळण्याची शेगडी बसवावी, असे मुलाच्या मनात होते. परंतु दुकानात रचलेले ओंडके पाहून आमच्या सौभाग्यवतींनी मला बाजूला घेतले. “अहो, या सालीखाली किती जीव दडलेले असतील. ते जाळून मी शेकत बसू?” मुलाने पुढे एक शब्दही काढला नाही. विषय विजेच्या शेकोटीवर आला.

येथून माझी कामगिरी सुरू झाली. चार दुकाने पाहिली. भिंतीला टांगायच्या, कोनाड्यात बसवायच्या, जमिनीवर सुट्या ठेवायच्या, लाकडी चौकटीसह येणाऱ्या, असे अनेक प्रकार. किमती दीडशे पौंडांपासून दोन हजार पौंडांपर्यंत. मी प्रत्येकीच्या पाठीमागची पट्टी वाचली आणि थक्क झालो. बहुतेकींची कमाल क्षमता एकच, दोन किलोवॉट. म्हणजे दोन हजार पौंडांची शेकोटी दीडशे पौंडांच्या शेकोटीपेक्षा कणभरही अधिक ऊब देणार नव्हती. किंमत होती ती ज्वाळेच्या देखाव्याची. साधा तेल भरलेला हीटर तीच ऊब साठ पौंडांत देत होता.

दुसरा आकडा चालवण्याच्या खर्चाचा. दोन किलोवॉट म्हणजे तासाला दोन युनिट. मुलाच्या घरी विजेचा दर युनिटला सुमारे 25 पेन्स होता, तर तेवढ्याच ऊर्जेच्या गॅसचा सहा पेन्सच्या आसपास. विजेची ऊब जवळजवळ चौपट महाग. वीज पूर्णपणे उष्णतेत बदलते, काही वाया जात नाही, असे विक्रेता सांगत होता. ते खरेच आहे, पण खरे असूनही महागच आहे.

रात्री मी हे सर्व कागदावर मांडून मुलापुढे ठेवले आणि हीटरची शिफारस केली. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, “पप्पा, हा कर्जाचा प्रस्ताव नाही. मी मम्मीसाठी घेतोय.”

मला राग आला. त्यानंतर दोन दिवस आमच्यात कामापुरतेच बोलणे झाले.

तिसऱ्या दिवशी मी घरातच होतो. डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. सौभाग्यवतींना रात्रिभोजनाचा त्याग आहे, त्यामुळे साडेतीनलाच आमची जेवणे आटोपत. मुलगा आणि सून कामावरून येत सहा वाजता. ती दोघे स्वयंपाकघरात जेवत, तेव्हा ही दिवाणखान्यात अंधाऱ्या खिडकीकडे पाहत शाल गुंडाळून बसलेली असे. चार ते दहा, सहा तासांची संध्याकाळ. गॅसवर तापलेले पाणी नळ्यांतून फिरत होते, खोली पुरेशी उबदार होती. थंडी वाजत होती असे नाही. एका ताटावर बसण्याची वेळ या घरातून निघून गेली होती आणि तिच्या जागी दुसरे काही आलेले नव्हते. मुलाने ते पाहिले होते. मी मात्र युनिटचा दर पाहत होतो.

बार्शीला वडिलांच्या कापड दुकानापुढे थंडीत पहाटे शेकोटी पेटे, ती आठवली. गाठींवरचे फाटके गोणपाट आणि खोक्यांच्या फळ्या त्यात जळत. हमाल, दिवाणजी, वडील, सारेच हात पुढे करून उभे राहत. पाठ गारच राही, तरी कोणी हलत नसे.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हणालो, “चल, तू म्हणतोस ती बघू.” मात्र तपासणी सोडली नाही, आणि ती उपयोगी पडली. कोनाड्याची रुंदी, उंची आणि खोली मोजून नेली. पंख्याचा आवाज दुकानात शांतता असताना ऐकला. गरम हवा वरून निघते की खालून, हे पाहिले, कारण वरच्या फळीवर दूरदर्शन संच ठेवायचा होता. ज्वाळा आणि ऊब वेगवेगळ्या चालू करता येतात का, हे विचारले. ज्वाळा म्हणजे आतले लहान एलईडी दिवे, सारे मिळून पंधरा वॅट. केवळ ज्वाळा लावली तर एक युनिट सहासष्ट तास पुरते. बसवताना प्लग थेट भिंतीत लावला, जोडवायर वापरू दिली नाही. पडदे आणि सोफा हातभर नव्हे, चांगले मीटरभर दूर सारले. धुराडे बंद केले, परंतु आत ओल साचू नये म्हणून हवेची जाळी ठेवली. सहाशे पौंड खर्च आला.

आम्ही निघेपर्यंत ऊब क्वचितच लावली गेली. सहा वाजता सून येई, चहाचा कप घेऊन शेकोटीपुढच्या गालिच्यावर बसे आणि दिवसभराचे बोलू लागे. मुलगाही आपले ताट तेथेच आणू लागला. आईचे जेवण झालेले असे, त्याचे चालू असे, तरी पंगत एकच दिसे.

सौभाग्यवतींनी एकदा विचारले, “अहो, ही नुसती दिव्यांची आहे ना? आत काही जळत नाही ना?” मी म्हणालो, “नाही.” त्यावर त्यांनी निर्धास्तपणे हात पुढे केले. ऊब त्या वेळी बंद होती. मी ते त्यांना सांगितले नाही.