गाडी कुठं आहे?

तुमच्या गावाला रेल्वे स्टेशन आहे का? मी शाळेत होतो तेव्हा आमच्या वरूडला नव्हतं. संत्री ट्रकनं जायची आणि माणसं एस.टी.नं. आगगाडीत बसायचं म्हणजे आधी एस.टी.नं खडखडत मेन लाइनवरच्या एखाद्या स्टेशनवर जायचं आणि मग तिथं गाडीची वाट पाहायची. त्या वाट पाहण्याचीच गोष्ट आज सांगतो. स्टेशनचं नाव मात्र विचारू नका.

1996 सालचा जुलै. मी आठवीत होतो. ताई दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला नागपूरहून पत्र आलं होतं. तंत्रनिकेतनात प्रवेशासाठी 'दुपारी 12 वाजेपर्यंत मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.' आमच्या घरातली एकही मुलगी तोवर शिकायला वरूडबाहेर गेली नव्हती. आजीचा तर साफ विरोध. पण बाबांनी बागेतलं काम सोडलं, ताईचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि पहाटेची एस.टी. धरली. मीही रडून-भेकून सोबत निघालो. मला प्रवेशाचं काय! मला इंजिन पाहायचं होतं.

सव्वाआठची गाडी होती. आम्ही पावणेआठलाच पोचलो. तिकीट खिडकीजवळच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, '30 मि. लेट.' बाबा म्हणाले, "अर्धा तास तर हाये. तिथं अकराच्या आत पोचतो आपण."

नऊ वाजले. फळ्यावर तेच. साडेनऊ वाजले. फळ्यावर तेच! सिग्नल पडला की सगळे उठून उभे राहायचे, पिशव्या उचलायचे, आणि समोरून दुसरीच गाडी धडधडत निघून जायची. बाबा दोनदा खिडकीशी गेले. "साहेब, गाडी कधी येते?" आतून उत्तर आलं, "येईल. बसा."

मग अफवा सुरू झाल्या. कोणी म्हणे पूल खचला. कोणी म्हणे मंत्र्यांची गाडी जाणार आहे, म्हणून आपली थांबवली. बाकड्यावरचे एक आजोबा तंबाखू मळत म्हणाले, "येईन ना बाप्पा! गाडी का रस्ता चुकते का?" सगळे हसले. ताई हसली नाही. ती स्टेशनबाहेर पाहत होती. तिथं नागपूरची एस.टी. उभी होती.

"बाबा, येष्टीनं जाऊ ना."

"तिकिटं काढली ना पोरी. आता येतेच गाडी."

एस.टी. गेली. नंतर आणखी एक गेली. आमची गाडी आली अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. तोवर चहावाल्या पोरानं सांगितलं होतं, की पुढं मालगाडीचं इंजिन बंद पडलं आहे आणि मास्तरांना हे साडेआठलाच कळलं होतं.

नागपूरला आम्ही पोचलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. ताईचं नाव पुकारून झालं होतं, आणि पुढच्या नंबरच्या मुलीला ती जागा मिळाली होती. त्या मुलीचा तरी काय दोष?

आता स्टेशनमास्तरांची बाजूही ऐका. रेल्वेचा रूळ तुकड्यातुकड्यांत वाटलेला असतो. साधा नियम असा, की एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशननं 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय मागच्यानं गाडी सोडायची नाही. म्हणूनच गाड्या एकमेकींवर आदळत नाहीत. पण मध्ये एक इंजिन बिघडलं की मागच्या सगळ्या अडकतात. मदतीला दुसरं इंजिन दुरून मागवावं लागतं, तेही रांगेतूनच येणार. किती वेळ लागेल हे मास्तरांनाही नक्की सांगता येत नाही. त्यात कंट्रोलचा फोन सारखा खणखणत असतो. हे सगळं मला पुढं समजलं आणि उशिराबद्दलचा माझा राग गेला.

पण फळ्याचा राग अजून आहे. "इंजिन बिघडलंय, किती वेळ लागेल माहीत नाही," एवढं लिहायला खडूचा अर्धा तुकडासुद्धा लागत नाही. 'माहीत नाही' हीसुद्धा बातमीच असते! ती मिळाली असती तर आम्ही पहिल्या एस.टी.त बसलो असतो. आणि झालं काय, तर बाबा पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिले, "मी येष्टीत बसाले पायजे होतं. पोरगी सांगत होती." ठाऊक असणारा खिडकीआड गप्प बसला आणि ठाऊक नसलेल्या माणसानं जन्मभर स्वतःला दोष दिला.

उशिराचं म्हणाल, तर आमच्या वऱ्हाडात शकुंतलेइतकी उशिराची गाडी दुसरी नव्हती. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची ती छोट्या रुळांची गाडी, इंग्रजांच्या काळातल्या कंपनीची. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मँचेस्टरला बनलेलं. मामांकडे जाताना आम्ही अचलपूरहून तिच्यात बसायचो. अंजनगाव, दर्यापूर करत पाऊणशे किलोमीटरला अख्खा दिवस जायचा. पण कंटाळा कधी आला नाही. एकदा गाडी रानातच थांबली, तर गार्ड खाली उतरून डब्याडब्यापाशी आले. म्हणाले, "तासभर लागते. डबे खाऊन घ्या, पोरायले खाली उतरवा." आम्ही झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. तो तास मला अजून आठवतो, पण उशीर म्हणून नाही. शकुंतला आता बंद आहे.

आणि वरूडला आता स्टेशन आहे, बरं का! बडनेरा-नरखेड हा सुमारे 138 किलोमीटरचा मार्ग 2012 च्या सुमारास सुरू झाला. स्टेशनचं नावही झोकात, 'वरूड ऑरेंज सिटी'. आता 139 नंबरवर फोन करता येतो, मोबाइलवर गाडी कुठवर आली ते दिसतं. तरी गाडी कुठं रखडली की मोबाइल फक्त रखडल्याचं सांगतो, का ते सांगत नाही. मग फलाटावर पुन्हा पूल खचतो आणि पुन्हा मंत्री येतात.

हो, पोस्टकार्डाचं सांगायचं राहिलंच. त्या जुलैत आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात ओखिलचंद्र सेन यांची गोष्ट सांगितली. या गृहस्थांनी 1909 साली रेल्वेला तक्रारीचं पत्र लिहिलं. ते शौचाला उतरले होते आणि गाडी त्यांना टाकून निघून गेली. हातात लोटा आणि धोतर घेऊन पळताना बिचारे फलाटावर पडले, सगळ्यांदेखत. पत्रातलं इंग्रजी फार मोडकंतोडकं होतं, पण म्हणतात की त्यानंतरच साध्या डब्यांतून शौचालयं आली. वर्ग हसून हसून लोळला. मी घरी आलो आणि पोस्टकार्ड काढलं.

मी लिहिलं, 'गाडी उशिरा आली याचा राग नाही. तुम्हाला माहीत होतं, तर आम्हाला का नाही सांगितलं? माझ्या बहिणीचा प्रवेश गेला.' पत्ता पोस्टमन काकांना विचारून टाकला. ताईनं वाचलं आणि एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारली.

दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. छापील हिंदी कागद, खाली गिचमिड सही. तक्रार मिळाली आहे, चौकशी चालू आहे.

ताईनं वरूडलाच बी.एस्सी. केलं आणि आता ती गणित शिकवते. तो कागद तिच्या त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. मी मध्यंतरी विचारलं, "अजून का ठेवलास गं?"

म्हणाली, "चौकशी चालू आहे ना!"