घरबसल्या पदवी

विद्येसाठी घर सोडावे लागते, हा आपल्याकडील फार जुना समज आहे. काशीस जाऊन बारा वर्षे अध्ययन केलेल्या पूर्वजांच्या कथा ऐकतच आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. मराठवाड्यास तर ही गोष्ट अनुभवानेच पटलेली होती. औरंगाबादेस विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. निजामी अमदानीत लासूर स्टेशनसारख्या गावच्या मुलाने पदवीचा विचार केला, की त्याची वळकटी हैदराबादच्या गाडीत तरी चढे, नाही तर मनमाडमार्गे पुण्या-मुंबईस जाई. ज्याच्या घरी वळकटीबरोबर पाठविण्यास पैसा नसे, त्याची विद्या गावच्या शाळेतच संपे.

ही अडचण ज्या व्यवस्थेने दूर केली, तिचे उपकार लहान नाहीत. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने टपालाने शिकविण्यास आरंभ केला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९८९ साली नाशिकास यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचे महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ निघाले. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा तरुण आणि सकाळचा स्वयंपाक आटोपून पुस्तक उघडणारी गृहिणी, या दोघांनाही त्याने पदवीचा रस्ता मोकळा करून दिला. परंतु जेथे खरे नाणे चालते, तेथे खोटेही चालविणारे निघतात. टपालाच्या शिक्षणाचेही तसेच झाले.

या खोट्या नाण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार केवळ विक्रीचा. २००४ साली अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्याच्या सरकारी वकिलांनी एका नामधारी विद्यापीठाची परीक्षा पाहण्यासाठी, आपल्यापैकी एकाच्या घरच्या कोल्बी नावाच्या मांजराच्या नावे २९९ डॉलर भरून व्यवसायशास्त्राच्या पदवीसाठी अर्ज केला. मांजराचा 'अनुभव' वाचून विद्यापीठाचे असे मत पडले, की उमेदवाराची योग्यता त्याहून मोठी आहे. आणि त्या मार्जारास एम. बी. ए. ही पदवी गुणपत्रिकेसह प्राप्त झाली! अशा पदवीने माणूस फसतो तो बहुधा आपल्या खुशीने फसतो. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. त्यात पुस्तके येतात, स्वाध्याय तपासले जातात, परीक्षा होते, विद्यार्थी खरोखर कष्ट करतो. फक्त शेवटी जो कागद हाती येतो, तो देण्याचा अधिकार देणाऱ्यास नसतो.

आमच्या कुटुंबात आले ते हे दुसरे प्रकरण. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव बारावी झाल्यावर, वडिलांच्या आजारपणामुळे, लासूर स्टेशनच्या बाजारात एका अडत दुकानी हिशेबास राहिले. व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी घरबसल्या देणाऱ्या एका संस्थेचे माहितीपत्रक त्यांच्या हाती पडले. संस्थेचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. लिलाव आटोपून पट्ट्या लिहून झाल्या, की रात्री नऊनंतर हा मुलगा माजघरात दिवा लावून बसे. तीन वर्षे त्याने हा क्रम चुकविला नाही. पदवीचा कागद रजिस्टर्ड टपालाने आला, त्या दिवशी वहिनींनी देवापुढे पेढे ठेवले आणि चाळीस उंबऱ्यांना वाटले.

पुढे एका सहकारी संस्थेत व्यवस्थापकाची जागा निघाली. मुलाखत उत्तम झाली. पण कागदपत्रांची तपासणी करताना असे आढळले, की पदवी देणाऱ्या संस्थेचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत कोठेच नाही. जागा दुसऱ्यास गेली. माहितीपत्रक पुन्हा काढून वाचले, तेव्हा त्यात 'शासनाकडे नोंदणीकृत' असे शब्द ठळक अक्षरांत होते, आणि ते खोटेही नव्हते. संस्था नोंदलेली होती. पण नोंदणी भजनी मंडळाचीही होते आणि व्यायामशाळेचीही होते. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, हा एवढाच भेद त्या ठळक अक्षरांच्या आड दडला होता.

कायदा याविषयी मोघम नाही. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या बाविसाव्या कलमाने ठरविले, की पदवी देण्याचा अधिकार संसदेच्या वा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत ठरलेल्या संस्थेस किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेस. इतर कोणासही नाही. त्याच कायद्याने हा नियम मोडणारास दंड ठेवला तो मात्र जास्तीत जास्त एक हजार रुपये. आमच्या मुलाने एका वर्षाचे शुल्क याहून कितीतरी अधिक भरले होते! आयोगाने वेळोवेळी बनावट विद्यापीठांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. त्यांत दिल्लीच्या दर्यागंजातील 'कमर्शियल युनिव्हर्सिटी लिमिटेड'चे आणि आपल्या नागपुरातील 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी'चेही नाव आले. परंतु ज्या संस्थांचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्यांच्यापासून सावध कोण करणार?

खरा प्रश्न याच्याही पुढचा होता. त्याच सुमारास चिरंजीवांच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि स्थळाकडे धाडावयाच्या माहितीत पदवीची ओळ होती. ती ठेवावी की काढावी, यावर घरात दोन तट पडले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तीन वर्षे रात्री जागून शिकला ना तो? मग यात खोटे ते काय?" या प्रश्नाची टवाळी करणे सोपे होते, पण तो टवाळीचा नव्हता. आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास वहिनींच्या बाजूने साक्ष देतो. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यास सरकारची मान्यता नव्हती. कायद्याने ती मिळाली १९५१ साली; म्हणजे पस्तीस वर्षे तेथील 'गृहीतागमा' सरकारी दृष्टीने पदवीधर नव्हत्या. १९२१ साली पुण्यास निघालेले टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अभिमत ठरले ते १९८७ साली. त्या गृहीतागमा खोट्या होत्या, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आमच्या मते यातील भेद बाजारातील माणसास चटकन कळावा. ज्ञान ही रोकड आहे. पदवी ही हुंडी. रोकड ज्याच्या गाठीस आहे, त्याची ती कोणी नाकारू शकत नाही. हुंडीचे मोल मात्र ती सकारणाऱ्या पेढीवर अवलंबून असते. कर्व्यांच्या विद्यापीठात जाणाऱ्या मुलीस व तिच्या पालकांस पक्के ठाऊक असे, की ही हुंडी सरकारी पेढीवर वटणार नाही. ते जाणूनच ती घेतली जाई, आणि समाजाने हळूहळू ती सकारली. आमच्या चिरंजिवांस दिलेली हुंडी, सर्व पेढ्यांवर वटेल असे भासवून दिलेली होती. दोन्ही ठिकाणी मान्यता नव्हती हे खरे; पण एके ठिकाणी ते उघड होते, आणि दुसरे ठिकाणी त्या लपविण्यावरच सारा व्यवहार उभा होता.

वाद मिटविला तो चिरंजिवांनीच. ते आम्हांस म्हणाले, "काका, मी शिकलो हे खरे आहे, पण पदवीधर आहे असे लिहिले तर त्या संस्थेने मला सांगितले तेच मी दुसऱ्यास सांगितल्यासारखे होईल." ओळ काढली गेली, 'शिक्षण बारावी' असे लिहून माहिती धाडली. ते स्थळ पुढे सरकले नाही. वहिनींना त्याचे फार वाईट वाटले, आणि ते स्वाभाविकच होते. चिरंजिवांनी एकोणतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षास नाव घातले. मागील अभ्यासाची सूट त्यांस एका विषयाचीही मिळाली नाही. मात्र हिशेबाचा आणि व्यवस्थापनाचा पाया अगोदरच घातला गेल्यामुळे पुस्तके अनोळखी राहिली नाहीत. रोकड शिल्लक होती ती अशी.

आपल्या एकत्र कुटुंबांत मुलाच्या शिक्षणाचा पैसा चौघांच्या गाठीतून येतो. तेव्हा चौकशीही चौघांनी करावी, हे उचित. संस्था कोणत्या कायद्याने स्थापन झाली, हे प्रथम विचारावे. हाच अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालविण्यास आयोगाची मान्यता आहे काय आणि ती आपल्या प्रवेशाच्या वर्षासाठी आहे काय, हे आयोगाच्याच यादीत पाहावे. कारण विद्यापीठ खरे असूनही एखाद्या अभ्यासक्रमास ती नसते. 'स्वायत्त', 'आंतरराष्ट्रीय', 'नोंदणीकृत' या शब्दांनी दिपून जाऊ नये. ही विचारपूस मुलावरील अविश्वासाची खूण नाही. सोयरीक जुळविताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. ज्या संस्थेच्या हाती मुलाच्या आयुष्याची तीन वर्षे द्यावयाची, तिच्या एका पिढीची तरी करण्यास हरकत कोणती?