सूचनाफलक

आमच्या दादरच्या घरांत रात्रीं पानें मांडलीं कीं आई प्रत्येकाला त्याच्या त्याच्या दिवसाची हकीकत विचारीत असे. अप्पांना शाळेंतली, थोरल्या दादाला बँकेंतली, वहिनीला तिच्या शिवणाच्या वर्गांतली. माझी पाळी आली म्हणजे मात्र सारी पंगत हसे. "ह्याच्याकडे कसली आली आहे बातमी? पुस्तकें काय पळून जातात?" असें दादा म्हणे. मी त्या वेळीं भायखळ्याच्या एका लहानशा महाविद्यालयांत ग्रंथपालाचा साहाय्यक होतों. १९७९ सालीं नोकरीस लागलों तेव्हां माझें वय चोवीस वर्षांचें होतें, आणि ग्रंथालयांतही बातमी घडते हें कोणाला पटवून देतां येईल इतकें चातुर्य माझ्या अंगीं नव्हतें.

पण बातमी असे, आणि ती लिहिण्याचें काम माझ्याकडेच होतें. ग्रंथालयाच्या दाराशीं एक काळा फळा टांगलेला होता. दर सोमवारीं सकाळीं मी तो ओल्या फडक्यानें पुसून त्यावर रंगीत खडूंनीं नव्या मजकुराची मांडणी करीत असें. डाव्या बाजूला त्या आठवड्यांत दाखल झालेलीं पुस्तकें. मराठी साहित्याचें एखादें नवें पुस्तक आलें, कीं त्याच्या नांवाशेजारीं ८९१·४६ हा ड्यूईच्या दशांश पद्धतींतला आंकडा मी मोठ्या ऐटींत काढी. उजव्या बाजूला पुस्तकपेढीच्या अर्जांची मुदत, वाचनकक्षाच्या वेळा, नव्या मासिकांचे अंक. हस्ताक्षर बरें होतें, त्यामुळें विद्यार्थी जातां-येतां थांबत. ते थांबले म्हणजे मला वर्तमानपत्राच्या संपादकासारखें वाटे.

भायखळा म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें भाजीबाजार, गिरण्यांचीं धुराडीं आणि राणीची बाग एवढेंच उभें राहतें. विद्येशीं ह्या वस्तीचा संबंध किती जुना आहे हें थोड्यांच्याच लक्षांत असतें. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय येथें १८४५ सालीं सुरू झालें, आणि त्याच्या पहिल्या तुकडींत डॉ. भाऊ दाजी लाड शिकले. राणीच्या बागेसमोर १८७१ सालीं एल्फिन्स्टन महाविद्यालयाची इमारत उभी राहिली, आणि तें महाविद्यालय किल्ल्यांत जाईपर्यंत तेथेंच नांदलें. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ सालीं पदवीधर झाले ते ह्याच महाविद्यालयांतून. घरच्या गरिबीमुळें त्यांनीं रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास केला असें सांगतात. पुढें त्या इमारतींत व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्था आली. तीही १९२३ सालीं माटुंग्यास गेली, आणि आज तेथें रेल्वेचें रुग्णालय आहे. ही सारी माहिती मी एकदां फळ्यावर लिहिली होती. गोखल्यांचा दिव्याखालचा अभ्यास लिहितांना आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कितीजणांच्या घरीं वहीपुरता तरी कोपरा आहे, हा प्रश्न मात्र माझ्या मनाला शिवला नाहीं.

फळ्याच्या अगदीं खालच्या भागांत एक चौकट असे. तिचें शीर्षक, "पुस्तकें परत न करणारे." ही प्रथा माझ्या आधींपासूनची होती. परंतु आधींचे लोक ती वर्षांतून एकदां पाळीत. मीं ती उत्साहानें दरमहा सुरू केली. मुदत टळून महिना झाला कीं विद्यार्थ्याचें नांव, वर्ग आणि पुस्तकाचा दाखलअंक लाल खडूनें तेथें झळके. दंड रोजीं पांच पैसे. यादी लागली कीं आठ दिवसांत निम्मीं पुस्तकें परत येत, आणि मी माझ्या कर्तबगारीवर खूष होत असें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. आरंभीं सगळ्यांना वाटलें, महिना-दोन महिन्यांत कांहींतरी तडजोड होईल. पण तो संप रीतसर कधीं मिटलाच नाहीं. आमच्या महाविद्यालयांत भायखळा, लालबाग, चिंचपोकळी येथल्या चाळींतलीं मुलें पुष्कळ होतीं. फेब्रुवारींत त्यांचे डबे दिसेनासे झाले. मार्चांत त्यांतलीं कांहीं मुलें स्वतःच दिसेनाशीं झालीं. बिऱ्हाडें गांवीं चाललीं होतीं. हें सारें मी रोज आगगाडीच्या खिडकींतून आणि वर्तमानपत्रांतून पाहत होतों. पण माझ्या दंडाच्या वहींत संपाला रकाना नव्हता. मार्चअखेरच्या यादींत अकरा नांवें होतीं, आणि मीं तीं नेहमीपेक्षां थोडीं मोठ्या अक्षरांत लिहिलीं.

त्या आठवड्यांत रात्रीं जेवतांना आईनें नेहमीप्रमाणें विचारलें, "तुझ्या ग्रंथालयांत काय रे नवीन?" मीं यादीची हकीकत सांगितली. अकरांपैकीं पांच पुस्तकें आलींही, असें अभिमानानें सांगितलें. आई वाढतां वाढतां थांबली. "आणि बाकीचीं सहा मुलें?"

"तीं येतील. नांव चव्हाट्यावर आलें कीं येतात."

"संपवाल्यांचीं आहेत का रे?"

"असतील. मला काय ठाऊक?"

आईनें आमटीचें पातेलें खालीं ठेवलें. ती कधीं आवाज चढवीत नसे. "आपल्या वाड्यांत कोणीं वाटीभर साखर उसनी नेली आणि परत करायला उशीर झाला, तर तिचें नांव मी दारावर लिहून ठेवतें का? ती बाई पुन्हां कधीं आपल्याकडे येईल का? साखर येईल एक वेळ. पण माणूस तुटेल."

अप्पा नियमांचे मोठे भोक्ते. ते माझी बाजू घेतील असें मला वाटलें. ते म्हणाले, "नियम पुस्तकें राखायला असतो हें खरें. पण पुस्तकें कशाला राखायचीं, हें आधीं ठरव." पुढें कोणी कांहीं बोललें नाहीं. दादाही हसला नाहीं.

ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेंत मीं डॉ. रंगनाथनांचे पांच नियम घडाघड लिहून गुण मिळविले होते. गणिताचे अध्यापक असलेले हे गृहस्थ १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ सालीं त्यांनीं ते पांच नियम ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. ग्रंथ उपयोगासाठीं आहेत; प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा; प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा; वाचकाचा वेळ वांचवावा; ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ह्या पांचांत दंडाचें नांवही नाहीं, ही गोष्ट त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर प्रथम माझ्या ध्यानांत आली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं ती चौकट पुसली. ग्रंथपालांकडे जाऊन, यापुढें प्रत्येकाला घरच्या पत्त्यावर साधें कार्ड पाठवूं, असें सुचविलें. ते भले गृहस्थ होते; त्यांनीं प्राचार्यांची संमति मिळविली. एकदां बोलावयास तोंड उघडलें तेव्हां आणखीही दोन गोष्टी पदरांत पाडून घेतल्या. परीक्षा होईपर्यंत वाचनकक्ष रात्रीं आठपर्यंत उघडा राहूं लागला, आणि जे संदर्भग्रंथ कपाटाबाहेर जात नसत, ते संध्याकाळीं नेऊन सकाळीं परत आणण्याच्या बोलीवर देतां येऊं लागले. शिपाईमामांनीं उशिरां थांबण्याबद्दल कुरकुर करण्याऐवजीं स्वतःच्या घरून पाण्याचा माठ आणून ठेवला. फळ्यावर मीं ह्या दोन सेवांची बातमी लिहिली. तितकी गर्दी त्या फळ्यापुढें मीं पूर्वीं कधीं पाहिली नव्हती.

जूनच्या मध्यावर, पहिला पाऊस पडून गेल्यावर, एक मुलगा देवघेवीच्या खिडकीशीं आला. वर्तमानपत्राच्या कागदांत नीट बांधलेलें हिशेबशास्त्राचें पुस्तक त्यानें पुढें केलें. मार्चच्या त्या सहांतला तो एक होता. मीं तारीख पाहिली. दंड सात रुपयांना दहा पैसे कमी इतका होत होता.

"इतके दिवस कोठें होतास?" मीं विचारलें.

"साताऱ्याकडे, गांवीं गेलों होतों, सर. वडिलांचा संप आहे." मग थोडें थांबून तो म्हणाला, "मार्चांत एकदां आणायला आलों होतों. दुसरीं पुस्तकेंही न्यायचीं होतीं, परीक्षेसाठीं. दारांत नांव पाहिलें. बरोबर वर्गांतलीं मुलें होतीं. मग आंत आलों नाहीं."

परीक्षेला तो बसला नव्हता. त्याचें वर्ष केवळ माझ्या खडूनें बुडालें असें म्हणणें खरें होणार नाहीं. त्या सालीं कितीजणांचें काय काय बुडालें याची गणती नाहीं. परंतु दारापर्यंत आलेला एक वाचक दारावरूनच परत गेला होता, आणि त्याला परतविणारें अक्षर माझें होतें. मीं म्हटलें, "दंड राहूं दे." त्यावर त्यानें खिशांतून मोजलेले पैसे काढून फळीवर ठेवले. "नको सर. घ्या. पावती द्या."

मीं ते घेतले. न घेणें हा त्याचा दुसऱ्यांदा अपमान झाला असता, एवढें शहाणपण तोंपर्यंत मला आलें होतें. पावती फाडून दिली, आणि त्याच पुस्तकावर नवी तारीख मारून तें त्याच्या हातांत परत दिलें. तें त्याला पुढच्या वर्षीं लागणारच होतें.

रात्रीं आईनें विचारलें तेव्हां सर्वांदेखत मीं हें सारें सांगितलें. ती एवढेंच म्हणाली, "आला ना परत? मग झालें."

आज आई नाहीं, अप्पाही नाहींत, आणि मीही निवृत्त होऊन बरींच वर्षें झालीं. मध्यंतरीं एकदां भायखळ्यास जाणें झालें. स्थानकाच्या जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार झाला असून २०२२ सालीं तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला, म्हणून ती पाहण्यास उतरलों, आणि पाय आपोआप ग्रंथालयाकडे वळले. काळा फळा गेला आहे. त्या जागीं विजेचा पडदा आहे. तालिकेचे कप्पे जाऊन संगणक आले आहेत. थकलेल्या पुस्तकाचें काय करतां, म्हणून मीं तेथल्या तरुण ग्रंथपालबाईंना विचारलें. त्या म्हणाल्या, "ज्याचें त्याला मोबाइलवर कळवतो. दुसऱ्या कोणाला दिसत नाहीं."

मला हसूं आलें. आईनें आमटी वाढतां वाढतां सांगितलेली गोष्ट यंत्रालासुद्धां कोणींतरी शिकविलेली दिसली. वाचनकक्षांत डोकावलों, परीक्षा जवळ आली होती आणि एकही खुर्ची रिकामी नव्हती. घरीं जागा नाहीं म्हणून येणारीं मुलें अजून येतात. पडद्यावर त्या आठवड्यांत आलेल्या नव्या पुस्तकांचीं नांवें सरकत होतीं. मीं तीं शेवटपर्यंत वाचलीं, आणि घरीं येऊन सुनेनें पान वाढल्यावर, कोणीं न विचारतांच, सगळ्यांना सांगितलीं.