आमची इटालियन

माझ्याकडे एक जुनी इटालियन स्पोर्ट्‌स कार आहे, असं मी लग्नाकार्यात अगदी सहज बोलल्यासारखं बोलतो. पंगतीतल्या चार जणांचे हात जिलबीवर थबकतात. पाचवा मात्र हमखास विचारतो, "मॉडेल कोणतं?" मग मला पानाकडे बघत सांगावं लागतं, "पद्मिनी. १९८२ ची."

हसू नका. फियाट कंपनी इटलीतल्या तुरिन शहरात १८९९ साली निघाली. तिची '११००' ही गाडी वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमिअर कारखान्यात, कुर्ल्याला बनू लागली आणि पुढे सत्तरीच्या दशकात 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. म्हणजे माहेर तुरिन, सासर कुर्ला आणि सासरी आल्यावर नाव बदललेलं. आता याहून रीतसर काय हवं? राहता राहिलं ते स्पोर्ट्‌स. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानी धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, त्यांत फियाट ११०० पळायच्या. आमची पळत नाही ही गोष्ट वेगळी. एका घराण्यातले सगळेच काही गवई निघत नाहीत.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, त्या दिवशी मी भावनेच्या भरात आमच्या गाडीला हार घातला. सौ. म्हणाली, "हार फोटोला घालतात."

तर सांगायचं होतं ते एअर फिल्टरबद्दल.

मोटार पेट्रोलवर चालते हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. ती मुख्यत: हवेवर चालते. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोलचे पैसे पडतात म्हणून ते आपल्या लक्षात राहतं, हवा फुकट म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. ही सगळी हवा गाळून घ्यायला कार्बुरेटरच्या डोक्यावर एक पत्र्याचा गोल डबा असतो. त्याच्या आत चुण्याचुण्यांच्या कागदाचं कडं. तोच फिल्टर. तो धुळीनं तुंबला की गाडीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं. मग ती काळा धूर सोडते, दुप्पट पिते आणि चढावर बसते. ही लक्षणं माणसांतही आढळतात.

आमच्या गाडीचा फिल्टर मी वर्षानुवर्षं भिंतीवर आपटून स्वच्छ करत होतो. नवा नव्हता म्हणून नव्हे. तीन वर्षांपूर्वी ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून पायपीट करून मी एक अस्सल, कोरा फिल्टर मिळवला होता. दुकानदारानं खोक्यावरची धूळ फुंकून तो माझ्या हाती ठेवला. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, डिकीत स्टेपनीखाली जपून ठेवला. पुन्हा मिळेल न मिळेल! चांगल्या प्रसंगी काढू.

आमच्या घरात हा चांगला प्रसंग म्हणजे एक वजनदार पाहुणा आहे. तो कधीच येत नाही, पण त्याच्यासाठी सगळं राखून ठेवलेलं असतं. सोनेरी कडेचे सहा कप त्याच्यासाठी. सौ.ची पैठणी त्याच्यासाठी. सोफ्याचं खरं कापड त्याच्यासाठी. आम्ही अभ्र्यावर बसतो. आणि जव्हारची सहलही त्याच्याचसाठी राखलेली. गाडी दारात आली तेव्हा, १९८२ साली, सौ. म्हणाली होती, "एकदा जव्हारला जाऊ या हं." मी म्हणालो, "जाऊ की." मग कर्जाचे हप्ते आले, मुलीची दहावी आली, आईचं आजारपण आलं. जव्हार आपल्या जागी राहिलं.

शेवटी आमच्या साडूंनी नवी, उंच, पांढरी गाडी घेतली आणि फोनवर म्हणाले, "रविवारी जव्हारला चाललोय. येताय? आमच्या गाडीत जागा आहे." त्या शेवटच्या वाक्यानं घात केला. मी म्हणालो, "आम्ही आमच्या गाडीनं येऊ."

मनोर, विक्रमगड करत आम्ही जव्हारला पोचलो. साडू आमच्याआधी पाऊण तास पोचले होते. मुकणे राजांचा जय विलास राजवाडा बघितला. दाभोशाचा धबधबा बघितला, पण वरूनच. खाली उतरायला पायऱ्या आहेत. सौ.नं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, मग स्वत:च्या गुडघ्यांकडे. "चाळीस वर्षांपूर्वी उतरले असते," ती म्हणाली. तक्रार अशी केली नाही. तक्रार केली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

संध्याकाळी शिरपामाळावर निघालो. चढ लागला आणि आमच्या इटालियननं काळ्या धुराचा एक लोट सोडून मान टाकली. साडू गाडी मागे घेऊन आले. त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. तरी ते माझ्या इंजिनाकडे जाणत्या नजरेनं बघू लागले.

डबा उघडला. आतला कागद चहाच्या गाळणीत आठवडाभर पावडर राहावी तसा झाला होता. मी स्टेपनीखालून तो जपलेला फिल्टर काढला. डबा पुसताना कचरा आत पडू नये म्हणून कार्बुरेटरच्या तोंडात कापड कोंबायचं असतं. ही खबरदारीही मी घेतली. नवं कडं बसवलं, झाकण लावलं, पंखाचा नट आवळला आणि ऐटीत चावी फिरवली.

गाडी चालू होईना.

"प्लग," मी म्हणालो. "कॉइल," साडू म्हणाले.

"अहो, माझा रुमाल कुठाय?" सौ. म्हणाली.

प्लग काढून पुसले. "पेट्रोल पंप," साडू म्हणाले.

"अहो, माझा रुमाल..."

"थांब गं जरा!" मी म्हणालो. "इथं महत्त्वाचं काम चाललंय."

वीस मिनिटांनी तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "मघाशी तो डबा पुसताना तुम्ही माझा रुमाल घेतला होता ना? तो कुठाय?"

मी झाकण उघडलं. रुमाल कार्बुरेटरच्या तोंडात, ठेवला तिथंच होता. तो काढल्यावर गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली आणि असा चढ चढली की शोलावरम आठवावं.

माळावर वारा भन्नाट होता. १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथं थांबले. जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांना इथं मानाचा शिरपेच चढवला, म्हणून हा शिरपामाळ, असं सांगतात. मी सौ.ला ही हकिगत ऐकवली. ती म्हणाली, "बरं झालं, तिथल्या तिथं डोक्याला लावला. आपल्या घरी असता तर चांगल्या प्रसंगासाठी ट्रंकेत गेला असता."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तो नवा फिल्टर किती दिवस होता डिकीत?"

"तीन वर्षं."

"आणि ती बिचारी त्या जुन्यातनं श्वास घेत होती?"

'ती' म्हणजे गाडीच, असं मी धरून चाललो आणि सूर्यास्ताकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा सोनेरी कडेच्या कपात आला. मी दचकून अंगात सदरा घातला. "कोण आलंय?"

"आपण," सौ. म्हणाली.

आठ दिवसांत त्यातल्या एका कपाचा कान माझ्याच हातून उडाला. पूर्वी घरात सुतक पडलं असतं. सौ.नं तुकडे गोळा केले, मला दुसऱ्या कपात चहा ओतला आणि म्हणाली, "असू दे. वापरून फुटला."