नाहीसं होणारं पुस्तक

ख्रिस्तोफर मॉर्ले यांची ‘द हाँटेड बुकशॉप’ आज वाचून संपली. १९१९ सालची कादंबरी. पहिलं महायुद्ध नुकतंच थांबलेलं, आणि ब्रुकलिनमध्ये रॉजर मिफ्लिनचं जुन्या पुस्तकांचं दुकान तंबाखूच्या धुरात रात्री उशिरापर्यंत उघडं. तिथून कार्लाइलनं संपादित केलेलं क्रॉमवेलच्या पत्रांचं आणि भाषणांचं पुस्तक नाहीसं होतं, परत येतं, पुन्हा नाहीसं होतं. ते कुणी वाचायला नेत नाही, हे कळतं तेव्हा काळजात धस्स होतं. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या जिवावर उठलेला कट त्याच्याच आडून शिजत असतो.

पण मनात राहिला तो मिफ्लिन. आजाऱ्याला औषध द्यावं तसं तो गिऱ्हाइकाला पुस्तक देतो. पुरेशा विचारी जर्मनांनी हार्डीचं ‘द डायनास्ट्स’ आधीच वाचलं असतं तर युद्ध झालंच नसतं, असं तो मानतो. त्याचा हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. दुर्मीळ प्रतीला बाजारात भाव मिळतो. पण योग्य पुस्तक योग्य माणसाच्या हाती वेळेवर देणारा ग्रंथविक्रेता त्याहून दुर्मीळ. अशी दुकानं टिकवणं हे आपण वाचकांचंच काम आहे.